कंट्रोलबाईंची रजा

शहराच्या बस डेपोत सगळ्यांत लहान खोली कंट्रोलरूमची, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्या खोलीत बसणाऱ्या बाईंचा. कोणती बस कुणी काढायची, सोबत कंडक्टर कोण, ऐनवेळी एखादा आलाच नाही तर त्याच्या जागी कुणाला झोपेतून उठवायचं, हे सगळं बाई ठरवायच्या. त्यांना खरं नाव होतं, पण डेपोत ते कुणी घेतलं असतं तर चार माणसांनी 'कोण हो या?' म्हणून विचारलं असतं. सगळ्यांच्या तोंडी त्या कंट्रोलबाई.

खोलीला एक खिडकी होती. ती इतकी खाली होती, की रजा मागायला येणाऱ्याला कमरेत वाकूनच बोलावं लागे. बाईंचं म्हणणं, की ती बांधणाऱ्या गवंड्याची चूक. पण दुरुस्त करून घ्यायचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

या खिडकीतून बाईंनी उभी हयात थापा ऐकल्या होत्या. एका कंडक्टरची आजी तीनदा वारली. तिसऱ्या खेपेला बाईंनी त्याला काळजीच्या सुरात विचारलं, "या वेळी तरी नीट बघितलंत ना?" फोनवरचा खोटा आजारी तर त्या पहिल्या वाक्यात पकडत. खरा आजारी आधी खोकतो आणि मग बोलतो. खोटा आधी बोलून घेतो आणि मग आठवल्यासारखा खोकतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे बाईंच्या पुढ्यात येताना भल्याभल्यांची बोबडी वळायची. पण गाड्या वेळेवर सुटायच्या, आणि बाईंना त्याचा मनातून फार अभिमान होता.

घरी मात्र बाईंची गाडी कधीच वेळेवर आली नाही.

घर तसं आटोपशीर. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान, मागे स्वयंपाकघर, बाजूला एक झोपायची खोली. नवरा शिंपी. शांत माणूस, तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे भांडण झालंच तर त्याची बाजू कुणाला नीट कळायची नाही. भात तोच लावायचा, मुलीच्या वेण्या तोच घालायचा, आणि त्या वेण्या अशा एकसारख्या, की जणू मशीनवर घातल्यात. सासूबाईंना ऐकू कमी येई, पण फक्त नको असलेलं. आणि मुलगी मिरी. चणीने लहान आणि बोलायला झणझणीत, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं.

जेवताना फोन वाजला, की बाई घास तसाच टाकून उठत. मग मिरी आजीला जाहीर करी, "आईच्या जेवणाची फेरी अर्ध्यातून परत." शाळेत आई-वडिलांना बोलावलं, की बाबा एकटेच जात. तिथल्या बाईंनी एकदा हळूच विचारलंही, "मिरीची आई... असतात ना?"

सगळ्यांत वाईट हाल झाले होते ते तळ्यावरच्या सहलीचे. शहराबाहेर मोठं तळं होतं. काठाला झाडी, पोहायला उथळ जागा, भाड्याने होड्या. तिथे एक रविवार सगळ्यांनी मिळून जायचं, असं मिरी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हापासून ठरत होतं आणि मोडत होतं. बेत मोडला, की बांधून ठेवलेलं खाणं पुढच्या खोलीत चादर पसरून, शिवणयंत्राच्या पायाशी बसून खायचं, अशी पद्धतच पडून गेली होती. सासूबाई तिला 'कोरडी सहल' म्हणत.

आता पुन्हा एका रविवारचा बेत ठरला होता, आणि त्याच आठवड्यात डेपोत एक गोष्ट घडली होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. डेपोत एक जुने ड्रायव्हर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मामा कधी रजा मागत नसत. ते त्या दिवशी खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "बाई, थाप मारत नाही. बायकोला आणि पोरींना तळ्यावर न्यायचंय. रविवारची रजा द्या."

मागे रांगेत बरीच माणसं उभी. बाईंना वाटलं, आज हे चाललं तर उद्या अख्खा डेपो तळ्यात डुंबायला जाईल. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सहल हे रजेचं कारण होत नाही, मामा."

"बरं बाई," म्हणून मामा सरळ झाले आणि निघून गेले. दुपारपर्यंत ते वाक्य कँटीनमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. कुणी चहा मागितला, तरी दुसरा म्हणे, "तहान हे चहाचं कारण होत नाही."

शनिवारी संध्याकाळी बाई घरी आल्या, तर पुढच्या खोलीत चादर अंथरलेली. मध्ये पाव, उकडलेली अंडी, काकड्या, केळी. मिरी मांडी घालून अंडं सोलत होती.

"हे काय? सहल उद्या आहे ना?" बाईंनी विचारलं.

"उद्या रद्दच होणार आहे," मिरी अंड्यावरून नजर न काढता म्हणाली. "मग आजच उरकून घेऊ. उद्या सकाळी मला उशिरापर्यंत झोपता येईल."

रागाने म्हणाली असती, तर बाईंनी समजूत घातली असती. पण ती अगदी सहज बोलली, एखाद्या थांब्यावर बस थांबतच नाही हे माहीत असलेल्या प्रवाशासारखी. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"उद्या आपण जाणार. सगळे. नक्की."

मिरीने पहिल्यांदा वर बघितलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आईला ताप आहे का बघा जरा."

रविवार उजाडला. बाईंची त्या दिवशी सुट्टी असे, म्हणजे असायला हवी असे. सासूबाईंनी डोक्यावर मोठी उन्हाची टोपी चढवली. मिरीने हवा भरलेली पोहायची रबरी रिंग कमरेत अडकवली आणि काढायला साफ नकार दिला. नवरा पिशवीचा निघालेला बंद शिवत बसला, कारण तुटक्या बंदाची पिशवी घेऊन रस्त्यावरून चालणं त्याच्या धंद्याला शोभलं नसतं. आणि फोन वाजला.

डेपोचे साहेब होते. "बाई, तुमच्या जागी आज जो बसणार होता त्याचं पोट बिघडलंय. याल ना?"

एरवी बाई 'आलेच' म्हणाल्या असत्या. पण समोर दारात मिरी उभी होती, कमरेत रिंग, आणि चेहऱ्यावर कसलीही अपेक्षा नाही. बाईंनी तोंड उघडलं. 'साहेब, आज सहल आहे' हे शब्द घशापर्यंत आले आणि तिथेच मामांची वाकलेली पाठ आडवी आली. आपलंच वाक्य आपल्या नरड्यात अडकतं, तेव्हा माणूस काहीही बोलतो.

"साहेब," बाई म्हणाल्या, "सासूबाई पडल्या."

"अरे बापरे! कशा?"

"कशा म्हणजे... उभ्याच्या आडव्या. साहेब, ठेवते." आणि मग, फोन ठेवता ठेवता, त्यांनी हुंदका दिला. आधी बोलून, नंतर.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. नेमकं हे त्यांना स्वच्छ ऐकू गेलं होतं.

"कोण पडलं गं?"

"तुम्ही."

"कधी?"

"आत्ताच."

"फार लागलंय का?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

"बघू आता. आधी निघा बघू सगळे!" बाई म्हणाल्या. दुसऱ्यांच्या थापा ऐकणं आणि स्वतः मारणं यांत किती फरक असतो, हे त्यांना या वयात समजत होतं.

पण नवऱ्याचा शेवटचा टाका राहिला होता, आणि तो टाका घालेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी बसचा हॉर्न वाजला. नुसता वाजला नाही, वाजतच राहिला. गल्लीतली खिडकी न् खिडकी उघडली. बाईंनी बाहेर डोकावून बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डेपोची लांबलचक बस दाराशी येऊन उभी होती. मामा खाली उतरून पुढचं झाकण उघडून आत काहीतरी उपटत होते. ते निघालं तेव्हा हॉर्न थांबला.

"एकदा दाबला की बंदच होत नाही मेला," मामा घाम पुसत म्हणाले. "वर्कशॉपला न्यायला निघालो होतो, तेवढ्यात साहेबांनी सांगितलं. म्हटलं, गाडी रिकामीच आहे, आजींना दवाखान्यात पोचवू." त्यांच्या मागून एक अवाढव्य कंडक्टर उतरला, ज्याला सगळा डेपो 'बारीक' म्हणायचा. त्याच्या काखेत डेपोचं स्ट्रेचर होतं.

बाई आत धावल्या. "आई, झोपा! झोपा आधी!"

सासूबाई क्षणाचाही विलंब न लावता पलंगावर आडव्या झाल्या आणि गळ्यापर्यंत पांघरूण ओढून घेतलं. घाईत टोपी मात्र डोक्यावरच राहिली.

मामा आणि बारीक अदबीने आत आले. मामांनी पलंगाशी उकिडवं बसून विचारलं, "आजी, कुठे दुखतंय?"

"गुडघ्यात," सासूबाई म्हणाल्या, आणि मग, "आई गं!"

"पडताना कुठल्या अंगावर पडलात?"

"पाठीवर. अयाई!"

"पाठीवर पडलात आणि गुडघा दुखावला?"

"माझं तसंच होतं पहिल्यापासून," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

मामांनी मान हलवली. त्यांची नजर टोपीवर गेली, तिथून दारातल्या खाण्याच्या पिशवीवर, आणि तिथून मिरीच्या कमरेवर.

"आणि ही रिंग कशाला, बाळ?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. पण मिरी डगमगली नाही. "आजीला बसायला," ती म्हणाली. "माकडहाडाला लागलंय. मधे भोक असलं की टेकत नाही."

कोपऱ्यात नवऱ्याला ठसका लागला. नशीब, त्या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या.

मग सासूबाईंची मिरवणूक निघाली. पुढून बारीक, मागून मामा, मध्ये स्ट्रेचरवर टोपी घातलेल्या सासूबाई, शेजारी रिंग घातलेली नात, मागे पिशव्या घेतलेला मुलगा आणि सगळ्यांत शेवटी, मान खाली घातलेली सून. गल्लीभर माणसं उभी. सासूबाईंना आयुष्यात इतकी माणसं एकदम बघायला आली नव्हती. त्या उजव्या-डाव्या बाजूला बघून क्षीणपणे हात हलवत होत्या. समोरची बाई पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "काल तर जिने चढत होत्या हो!"

"तेच नडलं," सासूबाई झोपल्या झोपल्या म्हणाल्या.

बस निघाली. सासूबाईंना शेवटच्या लांब बाकावर निजवलं होतं. बाई खिडकीशी बसल्या. त्या खिडकीतून त्यांना शहर दिसत नव्हतं, फक्त मामांची पाठ दिसत होती. दवाखान्यात गेल्यावर काय? डॉक्टरांना काय सांगायचं? गुडघ्याचं की पाठीचं?

गावाबाहेरच्या फाट्यावर मामांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. डावीकडचा रस्ता दवाखान्याचा. उजवीकडचा वर्कशॉपवरून पुढे तळ्याकडे.

"बाई," मामा मागे न वळता म्हणाले, "गाडी कुणीकडे घेऊ?"

बारीकच्या हातातली चिल्लर वाजली. बाई उठून पुढे गेल्या आणि मामांच्या शेजारच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

"सासूबाई पडल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "मी थाप मारली. मुलीला तळ्यावर न्यायचं होतं."

"मला खोलीतच समजलं," मामा म्हणाले.

"कशावरून? टोपीवरून?"

"टोपीचं सोडा. आजी आधी बोलायच्या आणि मग कण्हायच्या. तुमच्याच हाताखाली शिकलोय, बाई."

मागून बारीक फिसकन हसला आणि लगेच खोकला. बाईही हसल्या असत्या, पण मामांनी त्याच वेळी वळून त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "सहल हे रजेचं कारण होत नाही."

त्यात खवचटपणा असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "चुकलं माझं, मामा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला नको ते बोलले. चारचौघांत."

"मला त्याचं काही नाही. घरी जाऊन पोरींना सांगावं लागलं, तेवढं जड गेलं." "धाकटी म्हणाली, तुमच्या बाई काय कधी तळ्यावर गेल्या नसतील. म्हणून त्यांना माहीत नसेल."

"खरंच नाही गेले," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साहेब. आवाज रडकुंडीला आलेला. "बाई, तुम्ही दवाखान्यात असाल, फोन करायला जीव होत नाही, पण डेपोत नुसता गोंधळ आहे. गाड्या उभ्या, ड्रायव्हर उभे, आणि कोण कुणाचं हे मला कळत नाही. त्यात वर्कशॉपचा फोन आलाय, की हॉर्नवाली गाडी पोचलीच नाही. मामा फोन घेत नाहीत. कुठे असतील, काही अंदाज?"

"माझ्यासमोर बसलेत," बाई म्हणाल्या. आणि मग, बारीक, नवरा, मुलगी आणि आजारी सासूबाई असे सगळे श्वास रोखून ऐकत असताना, त्यांनी साहेबांना सगळं खरं सांगितलं. पडणं, टोपी, रिंग, स्ट्रेचर, सगळं.

बाईंना वाटलं, नोकरीवर आता पाणी सोडावं लागणार.

"बाई," साहेब शेवटी म्हणाले, "तुम्ही सरळ 'येत नाही' म्हणाला असतात, तरी चाललं असतं. तुम्ही कधी म्हणतच नाही. आम्हाला वाटायचं, तुम्हाला घरी करमत नाही."

फोनमधला आवाज मोठा होता, त्यामुळे ते मागेपर्यंत ऐकू गेलं होतं. त्यांनी मागे बघितलं. मिरी रिंगेवर हनुवटी टेकून त्यांच्याकडेच बघत होती. उत्तराची वाट बघत असावी.

"करमतं," बाई फोनमध्ये म्हणाल्या, पण बघत होत्या मुलीकडे. "सवय नाही एवढंच."

मग त्यांना एकदम हुरूप आला आणि त्यांच्यातली कंट्रोलबाई जागी झाली. "साहेब, आता नीट ऐका. फळ्यावर उजवीकडे ज्या किल्ल्या आहेत, त्या रांगेत उभ्या असलेल्यांना वरून खाली वाटा. भांडले तर भांडू द्या, दमले की गाडी काढतात. आणि मला आता उद्यापर्यंत फोन नको. आणि हे बघा, गाडी वर्कशॉपला लागली, की हॉर्न दुरुस्त होईस्तोवर मामांना आणि बारीकला थांबावंच लागणार ना? कुठे थांबायचं, असं काही नियमात नाही."

"नाही का?" साहेबांनी भाबडेपणाने विचारलं.

"नाही. मीच सांगते ना." बाईंनी फोन बंद केला. "मामा, तुमचं घर कुठे?"

मामांचं घर वर्कशॉपच्या अलीकडेच होतं. त्यांच्या बायकोने दार उघडलं, तर समोर अख्खी बस. पोरी अर्ध्या वेण्यांनिशी धावत आल्या. उरलेल्या अर्ध्या वेण्या शिंपीबुवांनी धावत्या गाडीत घातल्या. सासूबाई केव्हाच बाकावर उठून बसल्या होत्या आणि सगळ्यांना आपल्या पडण्याची हकिगत सांगत होत्या. ती आता बरीच वाढली होती, तिच्यात एक मांजरही आलं होतं.

वर्कशॉपला गाडी लावून सगळे पायी तळ्यावर गेले. पाणी चमकत होतं. मिरी किंचाळत पाण्यात शिरली आणि हात हलवून ओरडली, "आई, ये ना!"

"आलेच," बाई म्हणाल्या. "जरा पाच मिनिटं पाठ टेकते."

आणि झोपल्या. साध्यासुध्या नाही, मेल्यासारख्या. वर्षानुवर्षं पहाटेच्या आधी उठणारी बाई, फोन बंद, अंगावर झाडाची सावली. पोरींनी दंगा केला, बारीक होडीतून पाण्यात पडला आणि त्याला काढायला तिथली सगळी माणसं लागली, खाणं झालं, चहा झाला. बाईंना पत्ता नाही. मामांच्या बायकोने हलवून बघायचं म्हटलं, तर मिरीने हात आडवा धरला. ओल्या कपड्यांनिशी ती आईच्या उशाशी बसली होती आणि टोपीने माश्या वारत होती. कुणी मोठ्याने बोललं, की त्याच्यावर डोळे वटारत होती.

बाई उठल्या तेव्हा ऊन कलंडलं होतं. त्या दचकून उठल्या आणि आपण काय केलं ते लक्षात येऊन त्यांचा चेहरा पडला. "मिरे, मला उठवलं का नाहीस? सगळा दिवस गेला की गं!"

"घोरत होतीस," मिरी म्हणाली. "मोठ्याने. मजा आली." आणि तिने त्यांच्यासाठी ठेवलेलं अंडं पुढे केलं. बाईंनी ते तिथेच बसून, एकही फोन न घेता, शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. मग साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या. पाणी गार झालं होतं. मिरीने त्यांना पुरतं भिजवूनच सोडलं.

सोमवारी बाईंनी खिडकीत बसून जाहीर केलं, की महिन्यातून एक रजा मागताना कारण सांगायचं नाही, आणि ज्याला सांगायचंच आहे त्याने खरं सांगावं. पुढच्या आठवड्यात बाईंच्या नाकी नऊ आले. थापा बऱ्या, असं वाटायला लागलं. एकजण म्हणाला, बायको रुसलीय, तिच्यासमोर दिवसभर नुसतं बसायचंय. एकजण म्हणाला, मला काहीच करायचं नाहीये, ते करायला वेळ मिळत नाही. ज्या कंडक्टरची आजी तीनदा वारली होती, तो येऊन म्हणाला, "बाई, आजी आहे अजून. तिला भेटून येतो." बाईंनी त्याला दोन दिवस दिले. गाड्या थोड्याफार उशिरा सुटल्या, शहर काही बुडालं नाही.

पोट बिघडलेल्या त्या बदलीवाल्याबरोबर बाईंनी रविवार वाटून घेतले. एक त्याचा, एक त्यांचा. त्यांच्या रविवारी त्या खरोखर घरी राहू लागल्या, आणि घरच्यांवर वेगळंच संकट आलं. पहिल्या रविवारी त्यांनी नवऱ्याच्या दोऱ्याच्या रिळांना रंगाप्रमाणे रांगेत लावलं, त्यामुळे त्याला दोन दिवस पांढरा दोरा सापडला नाही. दुसऱ्या खेपेला गिऱ्हाइकांना नंबर देऊन बाहेर उभं केलं. सासूबाईंच्या दुपारच्या झोपेची वेळही त्यांनी ठरवून टाकली.

तिसऱ्या रविवारी नवऱ्याने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. तो हे क्वचितच करी.

"मिरे," तो म्हणाला, "आईला घेऊन बाहेर जा बघू कुठेतरी."

"कुठे?"

"कुठेही. लांब."

मिरीने आईला चप्पल आणून दिली. दोघी निघाल्या. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून मिरी म्हणेल तिथे वळायचं असं ठरलं, आणि मिरी बोलण्याच्या नादात वळायचंच विसरत होती. वर्गातली कोण कुणाशी बोलत नाही, गणिताच्या बाई कशा चालतात, कुत्रा पाळला तर त्याचं नाव काय ठेवायचं. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या मधूनमधून विचारत होत्या, "ही कोण? आणि ती का रुसली?" आणि मिरी, एवढंही कसं माहीत नाही अशा तोऱ्यात, सगळं पहिल्यापासून सांगत होती.